आमच्या कॅम्पसवर गुन्हे होत नाहीत!

कुठल्याही कमिटीवर तुम्हाला बसवलं की दोन गोष्टी तुमच्या गळ्यात पडतात. एक म्हणजे मिनिट्स, ती कुणीच वाचत नाही. दुसरी म्हणजे किस्से, ते सांगितल्याशिवाय कुणी उठू देत नाही! परवा दुबई मरीनाला एका मैत्रिणीच्या घरी जेवायला जमलो, तर ताटं वाढायच्या आधीच सगळ्या म्हणाल्या, "गुप्ते, तुमच्या त्या सिक्युरिटीवाल्यांचं काही नवीन?" नवीन कशाला हवं? जुनंच संपत नाही!

तर आधी ही कमिटी म्हणजे काय ते सांगते. दुबई सिलिकॉन ओएसिसच्या पलीकडच्या एका खाजगी विद्यापीठात मी सिव्हिलच्या पोरांना काँक्रीट शिकवते. खरा मोठा गुन्हा झाला तर शहराचे पोलीस येतात, तिथे आमचा काही संबंध नाही. पण कॅम्पसची स्वतःची सिक्युरिटी आहे, भलंमोठं खातं आहे, आणि त्या खात्यावर विद्यार्थी-शिक्षकांच्या वतीने कुणीतरी लक्ष ठेवावं असं वरून ठरलं. आमचे एचओडी मला म्हणाले, "मॅडम, वर्षाला मोजक्या मीटिंगा. समोसे असतात."

समोसे होते, हे मी कुठेही मान्य करीन.

अध्यक्ष होत्या डॉ. रीमा, स्टुडंट अफेअर्सच्या प्रमुख. लेबनॉनच्या. कितीही भांडण झालं तरी शेवटी "यल्ला", म्हणजे चला, म्हणून पुढच्या मुद्द्यावर जायच्या. विद्यार्थ्यांची प्रतिनिधी इरा. आईवडील डोंबिवलीचे, ती जन्मली शारजात. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमधून. मंडळाच्या गणपतीत मला मावशी म्हणते, मीटिंगमध्ये मॅडम. आणि सिक्युरिटीचे प्रमुख खुराणासाहेब. लुधियानाचे, फौजेतून रिटायर झालेले, मिशा रोज इस्त्री केल्यासारख्या. बाकी दोघेतिघे होते, ते मान डोलवायचे.

*

पहिल्याच मीटिंगला खुराणासाहेबांनी पडद्यावर आलेख लावला. चोऱ्यांची लाल रेघ वरून निघाली आणि घसरगुंडीवरून पोर यावं तशी सरळ शून्यावर येऊन बसली.

"देखिए मॅडम, हमारे कॅम्पस पे क्राइम है ही नहीं!"

डोलवणाऱ्यांनी माना डोलवल्या. इराने हात वर केला. "सर, विथ रिस्पेक्ट, लास्ट मंथ माझी ई-स्कूटर चोरीला गेली. एटीन हंड्रेड दिरहॅम्सची."

"म्हणजे आपले चाळीस-पंचेचाळीस हजार!" मी सवयीने मोठ्याने बोलून गेले.

"बेटा, वो थेफ्ट में नहीं है," खुराणासाहेब शांतपणे म्हणाले. "वो मिसप्लेस्ड प्रॉपर्टी में है."

"सर, इट वॉज लॉक्ड! कुणी लॉक कापून मिसप्लेस करतं का?"

मी म्हटलं, "साहेब, मग ती मिसप्लेसची रेघ पण दाखवा की." साहेब जरा घुटमळले. डॉ. रीमांनी नुसतं बघितलं, तेव्हा पडद्यावर एक निळी रेघ आली. ती निघाली होती खालून आणि लिफ्टमध्ये बसून गेल्यासारखी वर! ज्या महिन्यात चोऱ्या बंद झाल्या, नेमक्या त्याच महिन्यापासून आमची पोरं वेंधळी झाली होती. लॅपटॉप हरवतात, सायकली हरवतात, एकाची तर गाडीची चारही चाकं हरवली!

पुढच्या आठवड्यात मिनिट्स आली. त्यात लिहिलं होतं, "गुन्ह्यांतील घट पाहून कमिटीने टाळ्या वाजवल्या." मी दुरुस्ती पाठवली, "कमिटीने टाळ्या वाजवल्या नाहीत." रजिस्ट्रार ऑफिसमधून लगेच फोन. "मॅडम, इज धिस नेसेसरी?"

मी म्हटलं, "वाजवल्या असत्या तर लिहिणं नेसेसरी होतं ना? मग नाही वाजवल्या, तेही आहे."

तेव्हापासून दोन्ही रेघा एकाच पडद्यावर येतात. आणि आमच्या मिनिट्समध्ये ते एक वाक्य अजून आहे. जगातल्या दुसऱ्या कुठल्या कमिटीने टाळ्या न वाजवल्याची नोंद असेल असं वाटत नाही!

*

मग आलं ते ॲप. संकटात सापडलात की लाल बटण दाबायचं, जवळचा गार्ड धावत येणार. खुराणासाहेबांनी मोठं प्रेझेंटेशन केलं. एका चित्रात एक घाबरलेली मुलगी होती, दुसऱ्यात तीच हसत होती.

त्यांचं बोलणं चालू असताना इराने टेबलाखाली फोन धरला आणि बटण दाबलं.

प्रेझेंटेशन संपलं. समोसे आले. समोसे संपले. कुणी आलं नाही. आणि मग इराच्या फोनवर टुंग करून मेसेज आला, "तुमची अडचण सोडवण्यात आली आहे. कृपया आमच्या सेवेला स्टार द्या!"

इराने फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना वाचू दिला. खुराणासाहेब म्हणाले, "टेक्निकल इश्यू है. चलिए, मीटिंग खलास."

सगळे उठले. इरा उठली नाही.

"बेटा, चलो."

"नो सर. आय ॲम इन डेंजर. ॲपच्या नियमात आहे, गार्ड येईपर्यंत जागा सोडू नका."

"अरे, मैं खड़ा हूँ ना सामने!"

"यू आर नॉट द निअरेस्ट गार्ड, सर. यू आर द हेड."

डॉ. रीमा परत खुर्चीत बसल्या. मग मीही बसले. माझं पुढचं लेक्चर होतं, पोरांना मेसेज केला की लायब्ररीत जा. खुराणासाहेब खिडकीपाशी उभे राहून फोनवर पंजाबीत काहीतरी बोलत होते, ते न कळलं तेच बरं. बऱ्याच वेळाने दार उघडून एक गार्ड धापा टाकत आत आला. बिचारा कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला, त्याच नंबरच्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, मजल्यामजल्यावर दारं ठोठावत फिरत होता!

इराने उठून त्याला पाणी दिलं, राहिलेलं बिस्किट दिलं आणि ॲपमध्ये स्टार दिले. त्याला पाच. ॲपला एकही नाही.

*

केटलचा किस्सा छोटा आहे. हॉस्टेलमध्ये इलेक्ट्रिक केटल चालत नाही, आगीची भीती. मुलींच्या खोल्या तपासून गार्डांनी ढीगभर केटल जप्त केल्या आणि अहवालात लिहिलं, "संभाव्य दुर्घटना टाळल्या." आकडा भारी दिसत होता.

कमिटीची पाहणी होती म्हणून आम्ही सिक्युरिटी ऑफिसात गेलो. कोपऱ्यात चहा उकळत होता. इरा जवळ गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "सर, हा पांडाचा स्टिकर माझा आहे."

खुराणासाहेब म्हणाले, "बेटा, वो एव्हिडन्स है."

"मग सर, एव्हिडन्समध्ये वेलची कुणी घातली?"

*

यानंतरचा किस्सा आमच्याच घरातला आहे, त्यामुळे जरा जपून सांगते.

आमचं घर स्टाफ क्वार्टर्समध्ये, म्हणजे कॅम्पसच्या कुंपणाच्या आतच. हिवाळ्यात साताऱ्याहून माझे सासरे, नाना, राहायला आले होते. नाना सकाळी फिरायला जायचे आणि येताना देवासाठी फुलं आणायचे. एका सकाळी माझ्यासकट कॅम्पसवरच्या झाडून सगळ्यांच्या फोनवर सिक्युरिटीचा इशारा आला, "सावधान! लायब्ररीच्या परिसरात संशयास्पद व्यक्ती. पुरुष, साउथ एशियन, पांढरे कपडे, हातात पिशवी. झुडपांत काहीतरी शोधत आहे."

मी गॅलरीतून बघितलं तर खाली नाना लेंगा-सदऱ्यात, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जास्वंद! दोन्ही बाजूंना दोन गार्ड.

माझा मुलगा कॉलेजला निघाला होता. तो म्हणाला, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग."

नाना वर आले, फुलं देवासमोर ठेवली आणि मला म्हणाले, "सूनबाई, तुमची ती कमिटी कधी बसते?"

मी म्हटलं, "नाना, जाऊ दे. त्यांनी सॉरी म्हटलंय."

"मला म्हटलंय. पण सांगितलं होतं सगळ्यांना. मग सॉरीपण सगळ्यांना."

सुहास, माझा नवरा, सकाळपासून कपाळाला हात लावून बसला होता. "अगं, आपल्या सगळ्यांचा व्हिसा तुझ्या नोकरीवर आहे. नानांना घरी ठेव." नाना आयुष्यभर तहसील कचेरीत भल्याभल्यांशी भांडलेले. घरी कसले राहतात! मीटिंगला आले, कोट घालून. डॉ. रीमांनी त्यांना खुर्ची दिली. मी सांगून टाकलं, "या मुद्द्यावर मी मत देणार नाही. संशयित माझ्याकडे राहतो."

नाना इंग्लिश जपून बोलायचे, पण बोलायचे. म्हणाले, "फुलं तोडायला बंदी असेल तर दंड करा, मी भरतो. पण तुमच्या निरोपात वय नाही, चष्मा नाही, पांढरे केस नाहीत. पिशवी आहे आणि साउथ एशियन आहे. साहेब, या खोलीत साउथ एशियन किती?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"आणि पिशवी कुणाकुणाकडे आहे?"

खुराणासाहेबांच्या खुर्चीपाशी त्यांच्या डब्याची पिशवी होती. त्यांनी ती पायाने हळूच आत सरकवली.

"तेवढ्यावर माणूस धरायचा असेल," नाना म्हणाले, "तर पहिले तुम्ही उठा!"

आणि मग खुराणासाहेब असे काही हसले, असे काही हसले की त्यांच्या मिशांची इस्त्री मोडली! पण नाना हसले नाहीत. माफीचा मेसेज सगळ्यांना गेला पाहिजे, त्याशिवाय उठणार नाही म्हणाले. संध्याकाळच्या आत मेसेज गेला. नुसती माफी नाही, पुढे नियमच झाला की इशारा देताना माणूस काय करतोय ते लिहायचं, कुठल्या देशाचा दिसतो ते नाही.

नाना साताऱ्याला परत जाताना खुराणासाहेब त्यांना गेटवर सॅल्यूट करायला उभे होते. हातात जास्वंदीचं फूल!

*

उन्हाळ्यातली गोष्ट. कुठलातरी लॅपटॉप गेला. यावेळी 'गेला' असंच लिहिलं, एवढी प्रगती होती! आणि संशय कुणावर? जेवणाचे डबे आणणाऱ्या बाइकवाल्यांवर. पुरावा काही नाही. पण ऑर्डर निघाली की त्यांनी आत यायचं नाही, गेटबाहेर उभं राहायचं. गेटबाहेर म्हणजे रस्त्यावर. झाड नाही, छप्पर नाही. ते हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून उभे असायचे, कारण काढलं तर डोकं भाजायचं.

मी मीटिंगमध्ये विषय काढला. रजिस्ट्रारचे प्रतिनिधी म्हणाले, "हा सुरक्षेचा प्रश्न आहे. शिवाय थोडाच वेळ तर उभं राहायचं असतं."

मी म्हटलं, "ठीक आहे. पुढची मीटिंग तिथेच घेऊ. पाहणी म्हणून. थोडाच वेळ."

"मॅडम, जुलै आहे!"

"त्यांचाही जुलैच आहे."

डॉ. रीमांनी पर्समधून गॉगल काढला आणि म्हणाल्या, "यल्ला, लंचला भेटू."

आणि खरंच भरली हो मीटिंग! भर दुपारी गेटबाहेर फुटपाथवर. इरा, मी, डॉ. रीमा, सुटातले खुराणासाहेब, टायमधले रजिस्ट्रारचे प्रतिनिधी. शेजारी सातआठ बाइकवाले, आमच्याकडे बघतायत की यांना कुणी हाकललं! इराने मागची मिनिट्स वाचायला घेतली. सावकाश. प्रत्येक शब्द सुटा सुटा. एक पेशावरचा बाइकवाला पुढे आला आणि त्याने आपली थंड पाण्याची बाटली खुराणासाहेबांपुढे धरली. "साब, आप पहले पियो. आपको आदत नहीं है."

खुराणासाहेबांनी बाटली घेतली, प्यायले नाहीत, हातात धरून उभे राहिले. मग रजिस्ट्रारच्या माणसाकडे वळून म्हणाले, "सर, मेरी तरफ से ये ऑर्डर खलास."

रजिस्ट्रारचे प्रतिनिधी म्हणाले, "आतल्या मीटिंगमध्ये ठरवू ना."

इरा म्हणाली, "शुअर सर. अजून नऊ पानं आहेत."

आता गेटच्या आत लॉबीत बाइकवाल्यांसाठी बाकं आहेत, एसी आहे, पाण्याचा कूलर आहे. लॅपटॉप मात्र सापडला नाही.

*

शेवटचा किस्सा सांगायच्या आधी त्याचं पुढे काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे मधे कुणी विचारायचं नाही.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. नाव सांगत नाही. गाडी स्वतः चालवत येते. त्या मुलाला विद्यापीठातून काढलं. खुराणासाहेबांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं गेलं नाही. सध्या ते रास अल खोरला एका गोदामाची सिक्युरिटी बघतात, पगार कमी आहे. दिवाळीला आमच्याकडे फराळाला येतात, चकली त्यांना फार आवडते.

झालं असं होतं. पहिल्या वर्षाची ती मुलगी शेवटचं लेक्चर संपवून पार्किंगमध्ये गेली. अंधार पडत होता. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा बरेच दिवस तिच्या मागे होता, मेसेज करायचा, वर्गाबाहेर उभा राहायचा. त्या संध्याकाळी त्याने तिच्या गाडीचं दार धरून ठेवलं, लावू देईना. तिच्या हातातला फोन ओढून घेतला. तेवढ्यात लांबून कुणीतरी जोरात ओरडलं, तसा तो फोन टाकून पळाला. कोण ओरडलं ते तिला दिसलं नाही. ती तशीच घरी गेली, सकाळी इराकडे आली, आणि इरा तिला घेऊन माझ्या केबिनमध्ये.

मुलाचे वडील विद्यापीठाच्या बोर्डावर. म्हणजे वास्ता, ओळखपाळख, सगळं वरपर्यंत. सुहास मला म्हणाला, "या वेळी तरी गप्प बस." मी म्हटलं, "इन्शाल्ला." त्याला कळलं, ही काही गप्प बसणार नाही.

चौकशीला मोठ्या टेबलाभोवती सगळे बसलो. एका बाजूला मुलगा, त्याचे वडील, वकील. दुसऱ्या बाजूला ती मुलगी, तिची आई, मध्ये इरा तिचा हात धरून. मुलगा म्हणाला, मी तिथे नव्हतोच. विद्यापीठाचे लीगलवाले म्हणाले, "त्या वेळी तिथला कॅमेरा मेंटेनन्ससाठी बंद होता. फुटेज नाही. ओरडणारी व्यक्ती पुढे आलेली नाही. त्यामुळे घटना सिद्ध होत नाही."

मी म्हटलं, "फुटेज नाही म्हणजे घटना नाही? मग कॅमेरे बसवायच्या आधी या जगात काहीच झालं नव्हतं का?"

"मॅडम, प्लीज. भावनेवर जाऊ नका."

डॉ. रीमा म्हणाल्या, "मुलगी सांगते आहे, तेच मला पुरेसं आहे. माझं मत लिहून घ्या." वकील हसला. मुलीची आई तिच्या कानात हळूच म्हणाली, "चल बेटा, घर चलते हैं." मुलीने मान खाली घातली.

खुराणासाहेब टेबलाच्या टोकाला बसले होते. सकाळी त्यांना वर बोलावून सांगितलं होतं की फक्त एवढंच बोलायचं, कॅमेरा बंद होता. हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं.

मुलाचे वडील त्यांच्याकडे वळले. अगदी गोड आवाजात म्हणाले, "मिस्टर खुराणा, तुम्ही सिक्युरिटीचे प्रमुख. तुम्हीच एकदा कन्फर्म करा, म्हणजे सगळ्यांना घरी जाता येईल. कॅमेरा बंद होता ना?"

खुराणासाहेब उठले. कोटाचं बटण लावलं. त्या मुलीकडे बघितलं.

"जी सर," ते म्हणाले. "कॅमेरा बंद था. मैं चालू था."